गार्डनमधली हुर्यो: रिकी नेल्सनचं प्रकरण

15 ऑक्टोबर 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रिचर्ड नेडर नावाचा एक प्रमोटर पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलवाल्यांना गोळा करून जुन्या आठवणींचे मोठमोठे शो लावायचा, त्यातलाच हा एक. चक बेरी, बो डिडली, बॉबी रायडेल ही बाकीची नावं, आणि त्यांच्यात गायक रिक नेल्सन, ज्याला अख्खी अमेरिका अजूनही रिकीच म्हणायची. वय 31. तो स्टेजवर आला तेव्हा केस खांद्यापर्यंत, अंगात जांभळा मखमली शर्ट, खाली बेलबॉटम, आणि मागे त्याचा स्वतःचा बँड. सुरुवात 'हॅलो मेरी लू'सारख्या जुन्या ओळखीच्या गाण्यांनी केली, लोक खूश. मग त्याने रोलिंग स्टोन्सचं 'हाँकी टाँक विमेन' घेतलं, ते पण कंट्री अंगाने, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताच्या ढंगाने, आणि हॉलमधून हुर्यो सुरू झाली.

काही जण सांगतात की ती हुर्यो त्याच्यासाठी नव्हतीच, मागे पोलीस काही लोकांना हटवत होते आणि पब्लिक पोलिसांवर ओरडत होतं. असेलही. पण स्टेजवर उभं राहून ऐकणाऱ्याला ते कसं कळणार? त्याने ती स्वतःवरच घेतली. स्टेज सोडलं, बाकीचा कार्यक्रम आतून बघितला आणि शेवटी सगळे कलाकार एकत्र येतात त्या फिनालेला परत बाहेर आलाच नाही.

हे प्रकरण जिथे जिथे वाचलंय तिथे ते दोन वाक्यांत उरकलेलं असतं: जुनी गाणी गायली नाहीत म्हणून लोक चिडले, त्याने त्यावरच नवं गाणं लिहिलं, ते हिट झालं, विषय संपला. मला हे पटत नाही. चक बेरीकडे पण लोक जुनी गाणीच मागायचे, त्याच्याशी कुणाचं असं नातं नव्हतं. रिकीला त्या हॉलमधल्या कित्येकांनी लहानपणापासून दर आठवड्याला टीव्हीवर, आपल्या घरात मोठं होताना बघितलं होतं, तो त्यांच्या दृष्टीने नुसता गायक नव्हता, घरातला पोरगा होता, आणि घरातल्या पोराने न विचारता केस वाढवले आणि दुसऱ्याच कुणाची गाणी गायला लागला की जे होतं ते त्या रात्री झालं असं माझं मत आहे. हे नीट समजायचं तर मागे जावं लागतं.

खरं नाव एरिक हिलियर्ड नेल्सन. जन्म 8 मे 1940, न्यू जर्सीमधलं टीनेक. बाप ऑझी नेल्सन स्वतः नावाजलेला बँडलीडर, आई हॅरिएट हिलियर्ड त्याच बँडची गायिका, मोठा भाऊ डेव्हिड. 1944 मध्ये ऑझीने स्वतःच्याच कुटुंबावर एक रेडिओ मालिका सुरू केली, 'द ॲडव्हेंचर्स ऑफ ऑझी अँड हॅरिएट'. आधी मुलांची कामं बालकलाकार करायचे, पण 1949 पासून डेव्हिड आणि रिकी स्वतःच स्वतःचे रोल करायला लागले, रिकी तेव्हा 8 वर्षांचा. त्याचा एक ठरलेला डायलॉग होता, 'आय डोन्ट मेस अराउंड, बॉय', आणि तो तोंडातून निघाला की प्रेक्षकांत हशा ठरलेला.

मग 1952 च्या ऑक्टोबरमध्ये तेच सगळं एबीसी चॅनलवर टीव्हीवर आलं आणि 1966 पर्यंत चाललं. 14 सीझन, 435 एपिसोड. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती, सगळ्यावर ऑझीचा हात. टीव्हीवर जे घर दिसायचं ते बाहेरून त्यांचंच हॉलिवूडमधलं खरं घर. पुढे 1963 मध्ये रिकचं क्रिस हार्मनशी लग्न झालं तर ती पण मालिकेत त्याची बायको म्हणूनच आली. म्हणजे बघा, दात पडण्यापासून लग्नापर्यंत या माणसाची अशी एक गोष्ट उरली नाही जी लोकांनी सोफ्यावर बसून बघितली नाही. आणि जे दिसायचं तेही पूर्ण खरं नव्हतं, कारण पडद्यावरचा ऑझी म्हणजे कधी ऑफिसला जाताना न दिसणारा, घरभर रेंगाळणारा निवांत बाप, आणि खरा ऑझी दिवसरात्र काम करणारा, पोरांकडून तेवढ्याच शिस्तीने काम करून घेणारा माणूस.

गाण्याकडे वळण्याची कथा साधी आहे. मैत्रिणीला गाडीतून घरी सोडायला निघालेला, रेडिओवर एल्व्हिस लागला, ती एल्व्हिसचं कौतुक करत सुटली, आणि या सोळा वर्षांच्या पोराने ठोकून दिलं की मी पण रेकॉर्ड काढतोय. आता बोललाय म्हटल्यावर काढणं आलं. बापाकडे गेला, बापाने सूत्रं हलवली आणि 1957 च्या वसंतात व्हर्व्ह कंपनीसाठी तीन गाणी रेकॉर्ड झाली. त्यातलं 'आय'म वॉकिन'' हे फॅट्स डॉमिनोचं गाणं. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय कलाकाराने केलेलं गाणं एका गोऱ्या, देखण्या, टीव्हीवरच्या पोराने गायचं आणि ते गोऱ्या घरांत जोरात चालायचं, हे त्या काळात सर्रास होत होतं आणि रिकीची सुरुवात पण त्यातूनच झाली, ते लपवण्यात अर्थ नाही. 10 एप्रिल 1957 च्या एपिसोडमध्ये त्याने ते गाणं टीव्हीवर म्हटलं आणि रेकॉर्डच्या दुकानांत झुंबड उडाली. त्याच रेकॉर्डवरचं 'ए टीनएजर्स रोमान्स' दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं.

इथे ऑझीचं डोकं कसं चाललं ते जरा थांबून बघण्यासारखं आहे. एल्व्हिस एड सलिव्हनच्या गाजलेल्या टीव्ही शोमध्ये एकूण तीनदा आला आणि त्यावर अमेरिका पेटून उठली. ऑझीकडे स्वतःचा अर्ध्या तासाचा राष्ट्रीय कार्यक्रम होता, दर आठवड्याला! म्हणून त्याने एपिसोडची गोष्ट संपली की शेवटी गाणं जोडायला सुरुवात केली, गोष्टीशी संबंध असो नसो, शाळेचा डान्स किंवा पार्टी, रिकी गिटार घेऊन उभा, समोर किंचाळणाऱ्या पोरी, रेकॉर्डवर ओठ हलवायचे, बास. रेडिओ स्टेशनवाल्यांच्या मागे लागायची गरज नाही. शिवाय आईबापांची भीती पण गेली, कारण रॉक अँड रोल म्हणजे पोरं बिघडवणारं काहीतरी असा तेव्हा गाजावाजा होता, आणि इथे तर गाणाऱ्याचे आईबाप त्याच पडद्यावर हसतमुख उभे. 1961 च्या 'ट्रॅव्हलिन' मॅन'साठी तर ऑझीने रिकीच्या चेहऱ्यावर गाण्यातल्या देशोदेशीच्या ठिकाणांची दृश्यं चढवून दाखवली, त्याला आज बरेच जण पहिला म्युझिक व्हिडिओ म्हणतात. पहिला की नाही यावर भांडता येईल, पण कल्पना काळाच्या बरीच पुढची होती यात शंका नाही.

व्हर्व्हशी पैशांवरून वाजलं आणि ऑझीने पोराला लू चडच्या इम्पीरियल रेकॉर्ड्सकडे नेलं, फॅट्स डॉमिनो ज्या कंपनीचा तीच ही. मग 'बी-बॉप बेबी', 'स्टुड अप', ओळीने हिट. 1958 च्या सुरुवातीला पहिला अल्बम एक नंबरला. आणि 4 ऑगस्ट 1958 ला बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाने हॉट 100 नावाची लोकप्रिय गाण्यांची नवी यादी सुरू केली, तिच्या पहिल्यावहिल्या अंकात एक नंबरवर होतं रिकीचं 'पुअर लिटल फूल'. ते गाणं शॅरन शीली नावाच्या तरुण मुलीने लिहिलेलं, ती गाडी बंद पडल्याचं निमित्त करून त्याच्या घरी पोचली आणि तिथेच त्याच्या गळ्यात गाणं घातलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लाइफ मासिकाच्या कव्हरवर रिकी. 'टीनएज आयडॉल' हा शब्द त्याच्या नावाला चिकटला तो कायमचा, म्हणजे पोरींच्या खोलीतल्या भिंतीवरचा फोटो.

आता या फोटोच्या मागे काय होतं ते सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्या केसची किल्ली तिथे आहे. त्या वेळी असे भिंतीवरचे फोटो पुष्कळ तयार होत होते, देखणा पोरगा धरायचा, सूर लागो न लागो, वर व्हायोलिनं आणि कोरस ओतायचा. रिकीला ते नको होतं. त्याचं मन कार्ल पर्किन्स या गायक-गिटारवाल्यावर आणि मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समधून येणाऱ्या त्या खरखरीत आवाजावर. म्हणून त्याने स्टुडिओतल्या मोठ्या वयाच्या वादकांऐवजी स्वतःच्या वयाची पोरं शोधली आणि त्यात सापडला लुईझियानाचा जेम्स बर्टन. हा बर्टन किशोरवयातच डेल हॉकिन्सच्या 'सुझी क्यू'वर गिटार वाजवून आलेला. काही काळ तर तो नेल्सन कुटुंबाच्या घरातच राहिला. बर्टन आपल्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारला वरच्या बाजूला बँजोच्या बारीक तारा लावायचा, कारण तेव्हा गिटारच्या तारा जाड मिळायच्या, बोटाने ओढल्या तरी सूर फारसा चढायचा नाही, आणि बारीक तार लावली की ती हवी तेवढी ओढता येते, आपल्याकडे मींड घेतल्यासारखा सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत जातो. 'हॅलो मेरी लू'मधला मधला सोलो ऐका, काही सेकंदांचाच आहे, त्यात एक सूर वाया नाही, उड्या मारत जातो आणि परत बरोबर गाण्याच्या पायरीवर येऊन उतरतो. गिटार शिकणाऱ्याने तो मुद्दाम हळू लावून ऐकावा, तार किती ओढली आणि कुठे सोडली ते कळायला लागतं. आणि हा माणूस दर आठवड्याला टीव्हीवर रिकीच्या मागे उभा दिसायचा, अमेरिकेतल्या कितीतरी पोरांनी गिटारकडे बघायला तिथूनच सुरुवात केली.

गाणी निवडायचा कान पण त्याचाच. डॉर्सी आणि जॉनी बर्नेट हे भाऊ मेम्फिसहून आले आणि नेल्सनच्या घराच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसले की आमची गाणी ऐका, त्यांच्याकडून 'बिलीव्ह व्हॉट यू से', 'इट्स लेट' अशी गाणी आली. 'ट्रॅव्हलिन' मॅन' जेरी फुलरने सॅम कुकसाठी लिहिलेलं, तिकडे त्याचा डेमो कचऱ्यात गेला आणि भिंतीपलीकडच्या इम्पीरियलच्या ऑफिसात पोचला. रेकॉर्डच्या एका बाजूला ते, एक नंबर, दुसऱ्या बाजूला जीन पिटनीचं 'हॅलो मेरी लू', टॉप टेन. एका तबकडीच्या दोन्ही बाजू चालणं ही चेष्टा नाही. मधल्या काळात 1959 मध्ये हॉवर्ड हॉक्सच्या 'रिओ ब्राव्हो'त जॉन वेन आणि डीन मार्टिनबरोबर काम पण करून झालं.

1961 मध्ये 21 पूर्ण झाले तेव्हा त्याने नाव रिकीचं रिक केलं, अल्बमचं नावच 'रिक इज 21'. किती साधी मागणी होती ती, की आता मला मोठ्या माणसाच्या नावाने हाक मारा. लोकांनी मारली नाही.

1963 मध्ये डेक्का कंपनीशी वीस वर्षांचा, दहा लाख डॉलर्सचा करार झाल्याच्या बातम्या आल्या. 1964 च्या जानेवारीत 'फॉर यू' सहाव्या नंबरावर गेलं आणि फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले. त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहितीये, रिकचंच नाही, त्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येकाचं दुकान एका हंगामात बसलं. 1966 मध्ये मालिका पण बंद. म्हणजे 26 व्या वर्षी रेकॉर्ड चालत नाहीत आणि दर आठवड्याची खिडकी पण मिटलेली. घरी बायको, मुलगी ट्रेसी, पुढच्या वर्षी जुळी मुलं मॅथ्यू आणि गनर.

इथे त्याच्यासमोर रस्ते होते. जुन्या हिटवर क्लबांतून फिरत राहायचं, किंवा सिनेमा-टीव्हीत नट म्हणून टिकायचं, किंवा संगीतात नव्याने सुरुवात करायची. त्याने तिसरा धरला, आणि तो सगळ्यात कमी पैशाचा होता. आधी दोन सरळ कंट्री अल्बम केले, मग बॉब डिलनच्या गाण्यांनी त्याला वाट दाखवली आणि 1969 मध्ये स्टोन कॅनियन बँड उभा राहिला. बेसवर रँडी माइझनर, जो पुढे ईगल्स या गाजलेल्या बँडमध्ये गेला. स्टील गिटारवर, म्हणजे तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवतात त्या गिटारवर, टॉम ब्रमली, बक ओवेन्सच्या बँडमधून आलेला. लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडोर क्लबमध्ये त्यांनी वाजवलं, त्याचा लाइव्ह अल्बम निघाला, डिलनचं 'शी बिलाँग्स टू मी' टॉप 40 मध्ये पोचलं. रॉकची ताल आणि कंट्रीची स्टील गिटार यांचं जे मिश्रण सत्तरच्या दशकात ईगल्सने घराघरात नेलं ते हा माणूस त्यांच्या आधीपासून करत होता. 1970 मध्ये तर 'रिक सिंग्ज नेल्सन' नावाचा अल्बम, सगळी गाणी स्वतः लिहिलेली. ज्याला लोक बापाने बनवलेला पुतळा समजायचे त्याने तिशीत बसून एक एक गाणं लिहिलं, पण ऐकणारे थोडे होते.

या परिस्थितीत नेडरचं बोलावणं आलं. असल्या जुन्या आठवणींच्या शोबद्दल त्याच्या मनात खळखळ होतीच, पण वीसेक हजारांचं गार्डन म्हणजे लहान गोष्ट नाही, आणि त्याला वाटलं असणार की थोडी जुनी, थोडी नवी गाऊ, लोकांना कळेल मी आता काय करतोय. चूक असेल तर ती इथे आहे असं मला वाटतं, आणि ती गाण्यांच्या यादीची नाही, जागेची आहे. ज्या कार्यक्रमाचं नावच रिव्हायव्हल, म्हणजे जुन्याला परत जिवंत करणं, आहे तिथे तिकीट काढून आलेला माणूस स्वतःचं सोळावं वर्ष परत घ्यायला आलेला असतो, आणि चक बेरी त्याला ते देतो. रिकी दाखवत होता की ते वर्ष आता नाहीये. माझ्या डोक्यावरचे केस बघा, नाहीये. त्यात प्रेक्षकांना पण मी पूर्ण दोष देत नाही, पंधरा वीस वर्षं एखादा चेहरा जेवणाच्या टेबलापलीकडून दिसत असेल तर माणूस त्याच्यावर हक्क सांगणारच. पण हक्क सांगणाऱ्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं, आठव्या वर्षी पण नाही.

मग त्याने ते गाणं लिहिलं, 'गार्डन पार्टी'. त्याला आवडणाऱ्या माणसांना त्याने गाण्यात वेगळ्या नावांनी बसवलंय, शेजारी आणि मित्र असलेला बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन पण त्यात आहे. चाल इतकी निवांत की रागाचा मागमूस लागत नाही, आणि शेवटाकडे तो म्हणतो की नुसत्या आठवणीच गायच्या असतील तर त्यापेक्षा मी ट्रक चालवीन. मला त्या गाण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की त्यात कुणाला शिवी नाही. अपमान झालेला माणूस एवढ्या हलक्या हाताने लिहू शकतो म्हणजे त्याने तो खरंच पचवलाय. 1972 मध्ये ते हॉट 100 वर सहाव्या नंबरापर्यंत गेलं, आठ वर्षांनी टॉप टेन, आणि या वेळी बापाची मालिका नाही, शेवटचा डान्स सीन नाही, स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, स्वतःचा बँड.

गोष्ट इथे थांबली असती तर किती बरं झालं असतं. पण टॉप 40 मधलं त्याचं ते शेवटचं गाणं ठरलं. बँडमधली माणसं पांगली, कंपन्या बदलत गेल्या, 1975 मध्ये ऑझी गेला, आणि क्रिसबरोबरचा घटस्फोट वर्षानुवर्षं कोर्टात रेंगाळून 1982 च्या डिसेंबरमध्ये एकदाचा पूर्ण झाला, त्यात पैसा धुतला गेला. खर्च भागवायला वर्षाला दोनशेच्या वर रात्री शो, छोटे क्लब, जत्रा, जिथे बोलावतील तिथे. आणि तिथे तो काय गायचा? 'हॅलो मेरी लू', 'ट्रॅव्हलिन' मॅन', आणि जोडीला 'गार्डन पार्टी', कारण आता ते पण जुनं गाणं झालं होतं. पण ऐंशीच्या दशकातले त्याचे शो बघितले तर तो माणूस कंटाळलेला अजिबात दिसत नाही, उलट पुन्हा रॉकबिलीकडे, म्हणजे कंट्री मिसळलेल्या सुरुवातीच्या रॉक अँड रोलकडे वळलेला, तरुण पोरांचा बँड घेऊन मोकळेपणाने गाणारा दिसतो. 1985 मध्ये तर फॅट्स डॉमिनोबरोबर एकाच कार्यक्रमात गायला, ज्याच्या गाण्यावर 28 वर्षांपूर्वी सुरुवात केली होती त्याच्याच बरोबर.

या धावपळीसाठी त्याने एक जुनं डीसी-3 विमान घेतलं होतं, 1944 सालचं, आधी जेरी ली लुईसकडे असलेलं. 31 डिसेंबर 1985 ला अलाबामातल्या गंटर्सव्हिलचा शो आटोपून सगळे डॅलसला निघाले, तिथे नववर्षाच्या रात्रीचा कार्यक्रम होता. टेक्ससमधल्या डिकॅल्बजवळ विमानात आग लागली, पायलटांनी शेतात उतरवायचा प्रयत्न केला, दोन्ही पायलट वाचले, आतले सातही प्रवासी गेले, रिक, त्याची होणारी बायको आणि बँडची माणसं. तो 45 वर्षांचा होता. नंतर पेपरांत ड्रग्जमुळे आग लागल्याच्या अफवा छापून आल्या, तपासात ते सिद्ध झालं नाही, उलट केबिनमधल्या हीटरकडे बोट दाखवलं गेलं, पण अफवा पहिल्या पानावर येते आणि तपास आतल्या पानावर, त्याच्या मुलांना ते किती वर्षं ऐकावं लागलं असेल. 1987 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं, जॉन फोगर्टीने भाषण केलं. 1990 मध्ये मॅथ्यू आणि गनर या जुळ्यांचं गाणं एक नंबरला गेलं, ऑझीच्या बँडचं 1935 मध्ये गेलं होतं, मधे रिकीचं, तीन पिढ्या.

आणि तो गेल्यानंतर काही महिन्यांनी, 1986 च्या दौऱ्यात, बॉब डिलन रोजच्या कार्यक्रमात रिकीचं 'लोनसम टाउन' म्हणायला लागला. 1958 चं गाणं, रिकीच्या मूळ रेकॉर्डवर गिटार, मागे थोडा कोरस आणि त्या अठरा वर्षांच्या पोराचा हळू आवाज, एवढंच. टॉम पेटी आणि त्याचा बँड मागे उभा, समोर हजारो लोक, आणि डिलन आधी रिकीचं नाव घ्यायचा आणि मग गायचा.